ऐकणाऱ्याचे देणे

भंडारा शहर सोडून वैनगंगा ओलांडली की पैलतीरी कारधा हे गाव लागते. नागपूर-रायपूर हमरस्त्याने जाणाऱ्या प्रवाशांस ते पुलामुळे ठाऊक असते. परंतु भंडारा जिल्ह्यातील लोकांस त्याची खरी आठवण पावसाळ्यात होते. नदी चढू लागली म्हणजे "कारध्यास पाणी किती?" हा प्रश्न घरोघरी निघतो, कारण तेथे पुलापाशी वैनगंगेची पातळी मोजली जाते व तो आकडा जिल्हाभर कळविला जातो. २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून पाणी सोडल्यावर महापूर आला व भंडाऱ्याच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा अशा आकड्याचे मोल किती असते हे लहानथोरांस कळून चुकले. पाणी मोजणारा मनुष्य "अबब, केवढे हे पाणी!" असे ओरडत नाही, "काही नाही, ओसरेल" असा पोकळ धीरही देत नाही. अमुक वाजता, अमुक ठिकाणी, पाणी इतके मीटर, एवढेच तो सांगतो. धरणाचे दरवाजे किती उघडावे व वस्ती केव्हा हलवावी, हे ठरविणारे लोक निराळे असतात. त्याचे कर्तव्य पाहिले ते नेमके सांगण्याचे.

प्रस्तुत लेखाचा विषय पूर नव्हे, संगीत आहे. आणि तोही संगीताचा एक अगदी नवा, घरगुती प्रकार. तथापि पाणी मोजणाऱ्याचा हा धर्म ध्यानात ठेवून पुढील मजकूर वाचावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे.

अलीकडे कित्येक घरांत एखादा मुलगा अथवा मुलगी खोलीचे दार लावून तासन्‌तास ध्वनिमुद्रण करीत बसलेली आढळते. पूर्वी ज्या कामास मुंबई-पुण्याचा स्टुडिओ लागे, ते आता एक संगणक व एक मायक्रोफोन एवढ्यावर होते. क्वचित नुसत्या मोबाईलवरही भागते. ऑडॅसिटी नावाची ध्वनिमुद्रणाची संगणकप्रणाली २००० साली विनामूल्य उपलब्ध झाली; तशा इतरही आज मिळतात. बासरी एकदा वाजवून घ्यावी, मग तीच ऐकत तबला वाजवावा, मग पेटी, मग कीबोर्ड; असे थरावर थर चढवून एकटा मनुष्य सबंध वाद्यमेळ उभा करू शकतो. हे सर्व थर एकत्र आणून कोणते वाद्य मोठे, कोणते लहान, कोणते डावीकडे, कोणते दूर, हे ठरविण्याच्या क्रियेस ध्वनिमिश्रण, किंवा ह्या मंडळींच्या बोलीत 'मिक्स', असे म्हणतात. काम पुरे झाले म्हणजे करणारा ते मामास, आत्यास, मित्रास, क्वचित आपल्या जुन्या गुरुजींस पाठवितो आणि विचारतो, "कसे झाले आहे?"

ह्या प्रश्नाचे उत्तर कसे द्यावे, हाच आमचा विषय. तो कित्येकांस क्षुल्लक वाटेल. परंतु ज्याने तीन महिने रात्री जागून चार मिनिटांचे संगीत जुळविले, त्याच्या लेखी ह्या उत्तरावर बरेच काही अवलंबून असते. पुढची चीज तो करील की नाही, आणि केल्यास ती ह्याहून चांगली होईल की नाही, ह्या दोन्ही गोष्टी पुष्कळदा त्या चार ओळींच्या उत्तराने ठरतात.

नाटकातील वादक आणि खोलीतील वादक

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांचा झाडीचा प्रदेश 'झाडीपट्टी' म्हणून ओळखला जातो. दंडार व खडी गंमत ह्या लोकनाट्यांची येथे जुनी परंपरा आहे. दिवाळी झाली, धानाची कापणी उरकली, की गावोगाव मांडव पडतात आणि रात्रभर नाटके चालतात. शंकरपटाच्या निमित्ताने जमलेल्या गर्दीस नाटकावाचून चैन पडत नाही. वडसा हे ह्या नाटकमंडळ्यांचे मोठे ठाणे. ह्याच रंगभूमीवरील नट परशुराम खुणे ह्यांस २०२३ साली भारत सरकारने पद्मश्री देऊन गौरविले.

ह्या नाटकांत ऑर्गन व तबला वाजविणाऱ्यास आपला निकाल त्याच रात्री कळतो. साथ मोठी होऊन गाण्याचे शब्द बुडाले, तर पुढल्या रांगा चुळबुळ करू लागतात. तबला चढला तर गायक नट डोळ्यांनी खुणावतो. रंग भरला तर "वन्स मोअर" येतो. ह्या वादकास कोणापाशी अभिप्राय मागावा लागत नाही. तो त्याच्या अंगावर येऊन आदळतो, आणि पुढच्या गावी जाईपर्यंत त्याची दुरुस्तीही झालेली असते.

खोलीत एकट्याने वाद्यमेळ करणाऱ्यास ह्यातले काहीच लाभत नाही. त्याच्या समोर भिंत असते. त्याचे श्रोते दूर गावी, आपापल्या वेळी, आपापल्या यंत्रावर ऐकतात. त्यांचे चेहरे त्यास दिसत नाहीत. जे काम एका मांडवातील हजार माणसे नकळत करीत असत, ते आता एका मामाने किंवा एका मैत्रिणीने चार ओळींत करावयाचे असते. म्हणून त्या चार ओळी विचार करून लिहिल्या पाहिजेत.

मिश्रण पूर्वीही होते

ध्वनिमिश्रण ही आजची टूम आहे असे कोणी समजू नये. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग १९०२ साली कलकत्त्यास आले व त्यांनी गौहरजान इत्यादिकांच्या ध्वनिमुद्रिका घेतल्या, तेव्हा विजेचा मायक्रोफोन नव्हता. एक मोठा कर्णा असे; त्याच्या तोंडाशी गावयाचे किंवा वाजवावयाचे. मग मिश्रण कसे होई? माणसांच्या अंतराने. ज्याचा आवाज पुढे हवा त्याने कर्ण्याच्या अगदी जवळ बसावयाचे, ज्याचा मागे हवा त्याने चार हात सरकावयाचे. व्हायोलिनचा कोमल स्वर कर्ण्यास पोहोचत नसे, म्हणून श्ट्रो नावाच्या गृहस्थाने व्हायोलिनलाच कर्णा बसविला होता. एकदा मेणाच्या तबकडीवर रेघ उमटली की फेरफार नाही. १९२५ च्या सुमारास विजेचे ध्वनिमुद्रण आले, पुढे चुंबकीय फीत आली. आणि अमेरिकन गिटारवादक लेस पॉल ह्यांच्याकडे १९५७ साली आठ निरनिराळे आवाज आठ समांतर पट्ट्यांवर घेणारे यंत्र पोहोचले. तेथून वाजविणे निराळे आणि मिसळणे निराळे, अशी ह्या कलेची दोन अंगे स्पष्ट झाली.

केवळ वाद्यसंगीतात ह्या दुसऱ्या अंगास विशेष महत्त्व येते. गीतात शब्द असतात. साथ थोडी गडबडली तरी श्रोता शब्द धरून पुढे जातो. वाद्यसंगीतात धरावयास शब्द नाहीत. मराठी रसिकांस प्रभाकर जोग (१९३२-२०२१) ह्यांचे 'गाणारे व्हायोलिन' चांगले परिचित आहे. गीतरामायणाच्या कार्यक्रमांत सुधीर फडके ह्यांच्या साथीस बसणारे हेच जोग. परिचित गीताचे शब्द जणू व्हायोलिनच उच्चारीत आहे, असा भास ते गजाने निर्माण करीत. तो भास टिकण्यास वादकाचे कौशल्य तर हवेच, परंतु बाकीच्या वाद्यांनी त्या व्हायोलिनला वाट करून देणेही तितकेच अगत्याचे असते. वाद्यसंगीताचे मिश्रण चांगले की वाईट, ह्याची पहिली परीक्षा हीच: ऐकणाऱ्याने कोणाचे बोट धरून चालावयाचे, हे त्यास प्रत्येक क्षणी कळते काय?

पहिले ऐकणे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. ज्याने चीज केली त्याने ती दोनशे वेळा ऐकलेली असते. बासरीची तान कोठे येणार हे त्यास पाठ असते. त्यामुळे ती इतर वाद्यांखाली पूर्ण बुडाली असली तरी त्यास ती ऐकू येते. खरे म्हणजे तो ती ऐकत नाही, आठवतो. त्याचे कौशल्य कमी आहे असे नव्हे. कानाचा स्वभावच तसा आहे. आपल्याच घरातील घड्याळाची टिकटिक आपणांस ऐकू येत नाही, पाहुण्यास रात्रभर येते.

ह्यावरून ऐकणाऱ्यापाशी काय आहे हे ध्यानात येईल. त्यास संगीतशास्त्र करणाऱ्याहून कमी कळत असेल, यंत्रांचे ज्ञान मुळीच नसेल. परंतु करणाऱ्याने जी वस्तू कायमची गमावली आहे ती त्याच्यापाशी आहे, आणि ती म्हणजे पहिल्यांदा ऐकणारा कान. ही वस्तू एकदाच खर्चता येते. दुसऱ्या वेळी तोही थोडा सरावतो. दहाव्या वेळी त्याच्या कानात आणि करणाऱ्याच्या कानात विशेष अंतर उरत नाही.

तेव्हा पहिले ऐकणे भाजी चिरता-चिरता किंवा आगगाडीच्या गर्दीत उरकू नये. वेळ नसेल तर "रविवारी शांतपणे ऐकून कळवितो" असे लिहावे. करणाऱ्यास त्याचा राग येणार नाही. ऐकावयास बसल्यावर शेवटपर्यंत थांबू नये. कोठे मन रमले, कोठे भटकले, कोठे आवाज कमी करण्यास हात पुढे गेला, कोठे "हे काय वाजले?" असा प्रश्न पडला, ते संपताक्षणी कागदावर टिपावे. कारण शोधण्याची घाई करू नये. तुमचे मन कोठे भटकले हे फक्त तुम्हीच सांगू शकता. का भटकले हे पुष्कळदा करणाराच अधिक चांगले शोधून काढील.

ऐकण्याची रीत

पहिले ऐकणे झाल्यावर मग चिकित्सेस बसावे. येथे विज्ञानाने सिद्ध केलेल्या दोन-तीन गोष्टी ठाऊक असल्या म्हणजे पुष्कळ चुकीचे दोषारोप टळतात.

पहिली गोष्ट आवाजाच्या मानाची. हार्वे फ्लेचर व मन्सन ह्या अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली दाखविले की, आवाज लहान असता आपल्या कानास खर्जाचे स्वर मधल्या स्वरांच्या मानाने फार कमी ऐकू येतात. आवाज वाढविला म्हणजे ते अंतर घटते. म्हणजे तीच चीज रात्री हळू लावली तर डग्गा दुबळा वाटेल आणि दुपारी मोठ्याने लावली तर भरदार. तेव्हा "डग्गा कमी आहे" एवढेच लिहिणे अपुरे. "हळू आवाजात ऐकता डग्गा कमी वाटला" असे लिहावे.

दुसरी गोष्ट यंत्राची. मोबाईलच्या इवल्याशा ध्वनिक्षेपकास खर्ज पेलत नाही. डग्ग्याचा मूळ नाद सेकंदास शंभर कंपनांच्या आसपास किंवा त्याखाली असतो; तो मोबाईलवर जवळजवळ नाहीसा होतो. उलट हेडफोनवर तोच घुमतो. म्हणून शक्य तर एकदा हेडफोनवर, एकदा मोबाईलवर व एकदा घरातील मोठ्या ध्वनिक्षेपकावर किंवा मोटारीत ऐकावे, आणि कोणता दोष कोठे आढळला ते सांगावे. तिन्ही ठिकाणी आढळणारा दोष मिश्रणाचा. एकाच ठिकाणी आढळणारा बहुधा यंत्राचा.

तिसरी गोष्ट झाकोळण्याची. दोन वाद्ये एकाच सप्तकात, एकाच वेळी वाजू लागली म्हणजे मोठे लहानास झाकून टाकते. खालचे स्वर वरच्या स्वरांस जितके झाकतात तितके वरचे खालच्यांस झाकीत नाहीत. म्हणून बासरी ऐकू येत नसेल तर तिचा आवाज वाढविणे हाच एक उपाय नव्हे; तिच्या वाटेत कोण उभे आहे, ते पाहावे. पुष्कळदा पेटी किंवा कीबोर्डवरील व्हायोलिनांचा थर थोडा उतरविला, अथवा दुसऱ्या सप्तकात नेला, की बासरी आपोआप पुढे येते.

चौथी गोष्ट तुलनेची. नाणावलेल्या कलावंताची ध्वनिमुद्रिका शेजारी ठेवून तुलना करण्यास हरकत नाही. पण दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्यावा. दोहोंतली जी किंचित मोठी वाजते तीच आपणांस अधिक चांगली वाटते, ही कानाची जुनी खोड आहे. "तुझी चीज फार हळू वाजते, आवाज वाढव" हा सल्लाही विचारपूर्वक द्यावा. स्पॉटिफायसारख्या सेवा सर्व ध्वनिमुद्रणांची पातळी स्वतःच एका मापाशी, सुमारे उणे १४ एलयूएफएसपाशी, आणून ठेवतात. तेव्हा दाबून-चेपून आवाज वाढविल्याने हाती काही लागत नाही. लहान-मोठ्या आवाजातील जिवंतपणा तेवढा जातो.

आणि पाचवी गोष्ट, मूळ वाजविण्यातील दोष व मिश्रणातील दोष ह्यांची गल्लत करू नये. चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी १९२० साली दाखविले की, मृदंग-तबल्याच्या पुडीवरील शाईमुळे त्याचे उपस्वर मूळ स्वराशी सुसंवादी होतात. म्हणूनच तबला नुसता ठोका न देता स्वर देतो. हा स्वर षड्जापासून उतरलेला असेल तर मिश्रणाच्या कितीही खटपटी केल्या तरी कानास तो खुपणारच. अशा वेळी "तबला स्वरात नाही, पुन्हा लावून वाजवावा" असे सरळ सांगणे हीच दया. मिश्रणावर महिनाभर श्रम करविणे, ही निर्दयता.

एक नमुना

नुसते नियम सांगून समाधान होत नाही, म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, कारध्याच्या एका तरुणाने चार मिनिटांचा वाद्यमेळ केला आहे. भूप रागातील धून, मुख्य वाद्य बासरी. साथीस तंबोरा, तबला, पेटी, कीबोर्डवरील व्हायोलिने व मंजिरी. आणि तळाशी वैनगंगेच्या पाण्याचा आवाज. त्याने तो आपल्या मामास पाठविला. मामा तीन प्रकारे उत्तर देऊ शकतो.

एक उत्तर असे: "फारच छान! असाच मोठा हो." ह्यात प्रेम आहे, पण आठ दिवसांनी भाच्याच्या हाती काही उरत नाही. दुसरे असे: "सगळा गोंधळ आहे. आमच्या वेळी एक तबला आणि एक पेटी पुरे होई." ह्यात कदाचित सत्याचा अंश असेल, पण तो कोठे आहे हे शोधावयाचे कसे? तिसरे उत्तर पत्ररूपाने असे:

"चिरंजिवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा वाद्यमेळ तीन वेळा ऐकला. पहिल्यांदा हेडफोनवर, न थांबता, मग मोबाईलवर, मग मोटारीत.

आरंभी पाणी व तंबोरा मिळून जे वातावरण होते, ते मला फार आवडले. बासरी येईपर्यंत मी दुसरा विचारही केला नाही. दुरुस्ती करताना हे गमावू नकोस.

१ मिनिट २० सेकंदांस कीबोर्डची व्हायोलिने आली, तेथून बासरी मागे गेल्यासारखी वाटली. २ मिनिटे ५ सेकंदांस तू एक तान घेतली आहेस, ती मला पहिल्या वेळी कळलीच नाही. दुसऱ्या वेळी लक्ष देऊन ऐकली तेव्हा सापडली, आणि सुरेख आहे. हे तिन्ही यंत्रांवर झाले.

डग्गा हेडफोनवर घुमतो, मोबाईलवर नाहीसा होतो. मोटारीत ठीक वाटला. हा दोष किती मानावा ते तू ठरव.

मंजिरी उजव्या कानात टोचते. तीन मिनिटांनंतर मी आवाज थोडा कमी केला, तो तिच्यामुळे.

पाण्याचा आवाज शेवटपर्यंत आहे. आरंभी तो नदी वाटतो. शेवटी-शेवटी मला तो जुन्या तबकडीच्या खरखरीसारखा वाटू लागला. हे तू मुद्दाम केले असशील तर माझे म्हणणे सोडून दे.

एक प्रश्न विचारतो. ह्यात बासरी नायिका आहे, की सर्व वाद्यांनी मिळून बोलावयाचे आहे? बासरी नायिका असेल तर आधी व्हायोलिनांचा थर पाहा, बाकीचे मग. तसे नसेल तर मी वर लिहिलेले निम्मे तसेच राहू दे.

दुरुस्ती केल्यावर पुन्हा पाठव. मात्र ह्या खेपेस माझ्यापूर्वी आत्यास ऐकव. तिने हे अजून ऐकलेले नाही. ताईस नमस्कार.

तुझा, मामा."

ह्या पत्रात यंत्रशास्त्राचा एकही कठीण शब्द नाही, तरी भाच्यास उद्या सकाळी काय करावयाचे ते कळते. प्रत्येक दोषाबरोबर वेळ दिली आहे, यंत्र सांगितले आहे, आणि त्याचा ऐकणाऱ्यावर काय परिणाम झाला तेही नमूद आहे. चांगले काय ते प्रथम सांगितले आहे. पण ते केवळ गोड बोलण्यासाठी नव्हे. पुष्कळ तरुण दोष काढण्याच्या भरात गुणही पुसून टाकतात. कोणत्या भागास हात लावू नये हे कळणे त्यांच्या फार उपयोगाचे असते. दोष पाच काढले, पण आधी कोणता पाहावा ते सांगितले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मामाने चीज भाच्याची राहू दिली आहे. पाण्याचा आवाज काढून टाक, असे तो म्हणत नाही. मला तो असा वाटला, एवढेच म्हणतो. शेवटच्या ओळीत तो आपला कान आता सरावला, हेही ओळखतो व नव्या कानाकडे बोट दाखवितो.

रुची आणि दोष

आपल्या साहित्यशास्त्राने रसिकास 'सहृदय' असे सुंदर नाव दिले आहे. कवीच्या हृदयाशी ज्याचे हृदय समान झाले तो सहृदय. ह्याचा अर्थ त्याने सर्व काही गोड मानून घ्यावे असा नव्हे. करणाऱ्यास जे साधावयाचे होते ते आधी ओळखावे, आणि ते साधले की नाही ते मग पाहावे, असा आहे. कोणास संतूर आवडते, कोणास कीबोर्डचा वीट आहे. कोणास देवळाच्या गाभाऱ्यासारखा घुमारा हवा, कोणास कोरडा, जवळचा आवाज. ह्या रुची आहेत. त्या सांगण्यास हरकत नाही, मात्र "ही माझी आवड" असे सांगून सांगाव्या. तान बुडाली हा दोष. बासरीऐवजी सतार हवी होती ही आवड. दोहोंची सरमिसळ झाली की करणारा गोंधळतो आणि दुसऱ्याच्या आवडीपायी आपली चीज मोडून बसतो.

आमच्या घरांत ह्या बाबतीत एक विशेष अडचण आहे, ती स्पष्ट लिहितो. वडील माणसांनी लहानांस दोष सांगावयाचे, ही रूढी आपल्या अंगवळणी पडली आहे; त्यामुळे आपण फार लवकर परीक्षकाच्या खुर्चीवर जाऊन बसतो. उलट लहानांनी वडिलांस काही सांगावयाचे म्हणजे उद्धटपणा, ह्या समजुतीने एखाद्या निवृत्त गृहस्थाने हौसेने पेटी वाजवून पाठविली तर नातवंडे "वा, आजोबा!" म्हणून मोकळी होतात. दोन्ही प्रकारांत ऐकलेले सांगावयाचे राहून जाते. "आजोबा, दुसऱ्या मिनिटाला भात्याचा आवाज पेटीहून मोठा येतो, मायक्रोफोन थोडा दूर ठेवून पाहाल काय?" असे नम्रपणे विचारण्यात अवज्ञा ती कोणती? उलट आजोबांच्या श्रमांची ती खरी बूज आहे.

विचारणाऱ्याचेही काही कर्तव्य आहे. "कसे वाटले?" असे मोघम विचारले तर उत्तरही मोघम येते. "बासरी सर्वत्र ऐकू येते का? कोठे कंटाळा आला?" असे दोन प्रश्न सोबत लिहावे. एकाच वेळी दहा जणांस पाठवून सर्वांचे पहिले ऐकणे एकाच कच्च्या मसुद्यावर खर्चू नये. दोघांस आधी, दोघांस दुरुस्तीनंतर पाठवावे. आलेल्या उत्तरास लगेच प्रत्युत्तर देऊन आपली बाजू मांडू नये. एकानेच सांगितलेला दोष टिपून ठेवावा. तिघांनी एकाच सेकंदावर बोट ठेवले तर तेथे काही तरी आहे असे निश्चित समजावे, मग तिघांनी सांगितलेली कारणे निरनिराळी का असेनात.

हा सर्व खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले, तेव्हा तेथे आपले वादन पोहोचविणे हीच लहान गावच्या वादकाची मोठी महत्त्वाकांक्षा असे. आज त्याच्या खोलीतून त्याचे वादन जगाच्या दुसऱ्या टोकास क्षणात पोहोचते. परंतु पोहोचणे सोपे झाले म्हणून ऐकले जाणे सोपे झाले असे नाही. ज्यास जवळपास गुरू नाही, स्टुडिओ नाही, नाटकमंडळी नाही, त्यास सुधारणेचा एकच मार्ग उरतो: कोणी तरी आपली चार मिनिटे खरोखर द्यावी आणि जे ऐकले ते जसेच्या तसे सांगावे. ते देण्यास पैसा लागत नाही, संगीतातील पदवी लागत नाही; फक्त थोडी सवड आणि थोडा प्रामाणिकपणा लागतो.

पुढल्या वेळी घरातल्या कोणी तरी भीत-भीत "हे जरा ऐका" म्हणून काही पुढे केले, तर हातातले काम बाजूस ठेवावे, एक कागद व पेन्सिल घ्यावी, आणि शेवटपर्यंत ऐकावे. मग ऐकले तेवढे लिहावे, वेळेसह. त्याची दुसरी चीज पहिलीहून चांगली निघाली, तर तीत आपलाही थोडा वाटा आहे हे जाणून समाधान मानावे.